पाचोळ्यात कोण चालतंय? जमिनीवरच्या रानपक्ष्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

जंगलाच्या जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्यांबद्दल आलेल्या पत्रांत निम्मी पत्रं नवरंगाची आहेत, त्याखालोखाल कोंबडीवर्गातल्या सकत्रीची. जवळजवळ प्रत्येक पत्रात पक्ष्याचा रंग बारकाईने लिहिलाय. पण तो चालत होता की उड्या मारत होता, शेपटी केवढी होती, पाचोळा पायाने उकरत होता की चोचीने उलटत होता, हे फारच थोड्यांनी लिहिलंय. दाट सावलीत सगळ्यात आधी दगा देतो तो रंगच. म्हणून आमची उत्तरं चाल, शेपटी आणि आवाज यांच्याभोवती फिरताना दिसतील.

प्रश्न (पाली, जि. रायगड): घरामागे डोंगर आहे. पाऊस सुरू झाल्यापासून रोज पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची शीळ ऐकू येते. गावातली मंडळी म्हणतात, हा नवरंग. पंधरा दिवस शोधतोय, एकदाही दिसला नाही. कुठे चुकतंय?

उत्तर: तुम्ही बहुतेक खाली बघत शोधताय. नवरंग खातो जमिनीवर, पण गातो झाडावर बसून. शीळ चालू असते तेव्हा तो झाडाच्या मधल्या भागात एखाद्या आडव्या फांदीवर, पानांच्या सावलीत बसलेला असतो, आणि शोधणारा मात्र झुडपांच्या बुंध्याशी दुर्बीण लावून बसतो. पुढच्या वेळी नजर डोक्याच्या वर ठेवा आणि हालचाल शोधा. दर शिळेला तो मान मागे टाकून चोच आभाळाकडे करतो. पाठ तुमच्याकडे असेल तर पक्षी पानांत मिसळून जातो, पण मानेचा तो झटका लपत नाही.

शीळ साधारण 'व्हीऽट-ट्यू' अशी असते. पहिला सूर चढा, दुसरा लगेच खाली येणारा, मग काही सेकंद शांतता, मग पुन्हा तेच. उजाडण्याच्या सुमारास आणि दिवस मावळताना ती सर्वांत जास्त ऐकू येते. तमिळमध्ये याला 'आरुमणि कुरुवी', म्हणजे सहा वाजताचा पक्षी म्हणतात, ते याच सवयीमुळे. ऊन पडलं की गाणं ओसरतं. आभाळ भरलेलं असेल तर दुपारीही चालू राहतं, त्यामुळे पावसाने उघडीप दिलेला पण ढगाळ दिवस शोधायला सर्वांत चांगला.

आवाजाच्या मागे चालत जाऊ नका. चार पावलं टाकलीत की तो गप्प होतो आणि मग दिशाही हातची जाते. त्याऐवजी एका जागी उभे राहा, दोन्ही तळहात कानांमागे वाटीसारखे धरा आणि मान हळूहळू फिरवा. आवाज ज्या बाजूला सर्वांत स्वच्छ येईल तिथलं एखादं ठळक झाड लक्षात ठेवा. मग बाजूला तीस-चाळीस पावलं जाऊन तेच पुन्हा करा. दोन्ही दिशा जिथे एकमेकींना छेदतील, तिथे आपला पक्षी. डोंगरउतारावर एका जागेवरून अंदाज बांधला तर हमखास चुकतो, कारण ओढ्याच्या पलीकडून आलेली शीळ अलीकडच्या काठावर घुमते. आणखी एक चकवा आहे. शेजारच्या हद्दीतला दुसरा नवरंग उत्तर देतो, आपल्याला वाटतं पक्षी जागा बदलतोय, आणि आपण इकडून तिकडे धावत सुटतो. पाच मिनिटं नुसतं ऐकलंत तर दोन आवाज वेगळे कळतील.

दिवसा, तो खाली उतरून खात असताना बघायचा असेल तर चालणं सोडून बसणं धरावं लागतं. ओल धरून असलेली सावली, खाली मोकळा पाचोळा, बाजूला करवंदीच्या जाळ्या किंवा कारवी, अशी जागा निवडा. ओढ्याकाठची जुनी पायवाट उत्तम. जिथे गवत आणि टाकळा गुडघाभर वाढलाय तिथे तो असला तरी दिसणार नाही. झाडाच्या खोडाला टेकून खाली बसा, उभे राहू नका. पहिली वीस-पंचवीस मिनिटं काहीच घडणार नाही हे धरूनच चला, आपल्या येण्याने बावरलेलं रान पूर्ववत व्हायला तेवढा वेळ लागतो. ओला पाचोळा वाजत नाही, त्यामुळे पावसाळ्यात खसखस ऐकून पक्षी सापडेल ही आशा धरू नका. नजर जमिनीलगत ठेवा आणि उडणारं एखादं पान शोधा.

नवरंग चालत नाही, टुणटुण उड्या मारतो. दोन-तीन उड्या, मग थांबणं, मग चोचीने पान बाजूला फेकणं आणि खालचा किडा किंवा गांडूळ उचलणं. पायाने उकरणं नाही. थांबला की आखूड शेपटी सावकाश खाली-वर हलवतो. एवढं दिसलं की रंग न दिसताही ओळख जवळजवळ पक्की झाली.

लांबीने तो जेमतेम बुलबुलाएवढा, १८-१९ सेंटीमीटर. पण शेपटी नावापुरतीच असल्यामुळे अंगाने गोल, जाडजूड वाटतो, आणि पाय लांब व मजबूत. डोक्याच्या मधोमध काळी रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना फिकट तपकिरी पट्टे, खाली पांढरी भुवई, आणि डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेला रुंद काळा पट्टा. गळा पांढरा, छाती-पोट हळदट बदामी, शेपटीखाली आणि पोटाच्या खालच्या भागात लालभडक. पाठ हिरवी, खांद्यावर आणि शेपटीच्या बुडाशी चमकता निळा. नर-मादी सारखेच दिसतात. आता यातलं सावलीत काय दिसतं? हिरवा काळपट होतो, निळा बहुतेक वेळा लोपतो, लाल रंग पक्षी आपल्याकडे पाठ करून वाकला तरच दिसतो. उरतात काळा पट्टा, पांढरी भुवई आणि पांढरा गळा. दुर्बीण लावल्यावर आधी हे तीन शोधा. उडाला तर पंखावरचा पांढरा डाग क्षणभर लकाकतो.

'पिट्टा' हे त्याच्या जातीचं जगभर चालणारं नाव तेलुगूतून गेलंय, तिथे पिट्टा म्हणजे लहान पक्षी. हिवाळा तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो, मे-जूनमध्ये विणीसाठी आपल्याकडे, मध्य भारतात आणि हिमालयाच्या पायथ्यापर्यंत येतो, पावसाळा सरला की परततो. म्हणजे तुमच्याकडे अजून वेळ आहे, पण फार नाही. पिल्लं मोठी होत आली की शीळ कमी होत जाते, आणि शीळ थांबल्यावर नवरंग शोधणं निव्वळ नशिबावर असतं.

प्रश्न (पुणे): मेअखेरीस सकाळी नवव्या मजल्यावरच्या बाल्कनीत एक रंगीबेरंगी, आखूड शेपटीचा पक्षी डोळे मिटून बसला होता. फोटो पाठवत आहे. जंगलातला पक्षी इतक्या उंचावर कसा? आम्ही त्याला पाणी पाजलं आणि दूधपोळी ठेवली, पण त्याने खाल्ली नाही. तासाभराने तो उडून गेला. आमचं काही चुकलं का?

उत्तर: फोटोतला पक्षी नवरंगच आहे. नवरंग स्थलांतर रात्री करतो. शहरावरून जाताना दिव्यांनी गोंधळतो, काचेवर आपटतो किंवा थकून मिळेल तिथे उतरतो. त्यामुळे मे-जूनमध्ये आणि परतीच्या वेळी पावसाळ्यानंतर इमारतींच्या जिन्यांत, बाल्कन्यांत, वाहनतळांत तो सापडतो. तो उडून गेला, म्हणजे आपटून आलेली गुंगी उतरली. हेतू चांगला होता, पण पाणी पाजणं आणि दूधपोळी, दोन्ही टाळायला हवं होतं. गुंगीत असलेल्या पक्ष्याच्या चोचीत ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जातं आणि तेवढ्यानेही तो मरू शकतो. दूध पक्ष्यांना पचत नाही, आणि किडे खाणारा पक्षी पोळीला चोच लावणार नाही.

असं पुन्हा घडलं तर बुटांचं रिकामं खोकं घ्या. झाकणाला पेन्सिलीने दहा-बारा भोकं पाडा, पक्षी आत ठेवण्याआधीच. तळाशी जुना सुती कपडा अंथरा. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांच्या फासांत नखं अडकतात. पातळ कपडा पक्ष्यावर टाकून पंख अंगाशी मिटलेले राहतील असे दोन्ही हातांनी हलकेच उचला. छाती आवळू नका. पक्ष्याला श्वास घेताना छातीचा पिंजरा फुलवावा लागतो, घट्ट धरलं की तो गुदमरतो. खोकं बंद करून पंखा नसलेल्या, शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवा. मांजर, कुत्रा, मुलं दूर. दर पाच मिनिटांनी उघडून बघायचा मोह आवरा, प्रत्येक वेळी तो नव्याने घाबरतो.

एक-दोन तासांत आतून खडखड ऐकू आली की खोकं जवळच्या झाडीत घेऊन जा, जमिनीवर ठेवा, झाकण काढा आणि मागे सरका. हवेत उडवू नका. उन्हाच्या कडाक्यात आणि कावळ्यांच्या समोर सोडू नका. एक पंख लोंबत असेल, रक्त दिसत असेल, मान वाकडी झाली असेल किंवा दोन तासांनीही डोळे अर्धवट मिटलेले असतील, तर महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवा. 'बरा होईपर्यंत पाळू' हा विचार मनात आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि रोज ताजे किडे मिळाले नाहीत तर नवरंग फार दिवस तगतही नाही.

प्रश्न (मुरूड, जि. रायगड): फणसाडच्या जंगलात सकाळी वाट ओलांडताना कोंबडीएवढे दोन लालसर तपकिरी पक्षी दिसले. काही जण म्हणतात रानकोंबडी, काही जण म्हणतात सकत्री. दोघांचा आकार सारखाच, मग ओळखायचं कसं?

उत्तर: आकार सारखाच आहे हे तुम्ही बरोबर हेरलंत, आणि चूक नेमकी तिथूनच सुरू होते. राखी रानकोंबड्याची मादी साधारण ३८ सेंटीमीटर, सकत्री साधारण ३६. जंगलात, ओझरत्या नजरेत हा फरक कुणालाच कळणार नाही. रानकोंबड्याच्या नराची अडचण येत नाही, त्याची लांब काळी वाकलेली शेपटी आणि मानेवरचे मेणासारखे चमकणारे पिवळे-पांढरे ठिपके लांबूनही दिसतात. घोटाळा होतो तो मादीच्या बाबतीत.

आधी छाती बघा. रानकोंबडीची छाती आणि पोट पांढुरकं असतं आणि प्रत्येक पिसाला काळपट कडा असते, त्यामुळे खालचा भाग खवल्याखवल्यांचा, उजळ दिसतो. सकत्रीची छाती उजळ नसते. नर वरपासून खालपर्यंत विटकरी-तांबूस, पिसांना किंचित फिकट कडा, डोकं राखट तपकिरी. मादी जरा मळकट, अंगभर बारीक काळ्या नक्षीची. पक्षी वाट ओलांडताना बाजूने दिसतो, म्हणजे छाती दिसण्याची संधी मिळतेच. नजर तिथेच न्या.

मग पाय. सकत्रीचे लाल, रानकोंबडीचे पिवळे. (गावठी कोंबडीच्या पिवळ्या कातडीचं जनुक याच राखी रानकोंबड्याकडून आलंय, असं २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसून आलं. आपल्या सह्याद्रीतल्या पक्ष्याची खूण जगभरच्या खुराड्यांत पोचलीय, हे आम्हाला फार विलक्षण वाटतं.) सकत्रीच्या नराच्या प्रत्येक पायावर एकाहून जास्त आऱ्या (मागच्या बाजूचे टोकदार काटे) असतात आणि मादीलाही आरी असते, पण हे फोटो मोठा करून बघितला तरच दिसणार, रानात यावर विसंबू नका. डोळ्याभोवतीचं उघडं लाल कातडं हीसुद्धा सकत्रीची चांगली खूण. रानकोंबडीच्या चेहऱ्यावरही थोडं लालसर कातडं असतं, म्हणून एकट्या त्या खुणेवर निकाल देऊ नये.

वागणं बघाल तर दोघंही पायाने पाचोळा उकरतात, अगदी अंगणातल्या कोंबडीसारखा, खर्र-खर्र करत. उन्हाळ्यात वाळलेल्या पानांत हा आवाज बराच लांबून ऐकू येतो. एका लयीत दोन-तीनदा खर्र, मग शांतता, असं असेल तर कोंबडीवर्गातलाच पक्षी. अखंड सरसर पुढे जात राहिली तर मुंगूस किंवा घोरपड. बारीक टिकटिक उसळली आणि थांबली, तर बहुतेक सरडा किंवा सापसुरळी. सकत्री सहसा जोडीने किंवा तीन-चारच्या टोळीने असते आणि चाहूल लागली की उडण्यापेक्षा पळणं पसंत करते. मान पुढे काढून, वाकून, झुडपांच्या बुंध्यांतून ती अशी निसटते की आपल्याला नुसती सावली सरकल्यासारखी वाटते. अगदीच अंगावर गेलो तर कलकलाट करत उठते आणि जवळच्या झाडीत जाऊन पडते. एकदा उठलेल्या सकत्रीच्या मागे जाण्यात अर्थ नाही. जिथून उठली तिथेच लपून बसा, टोळीतली बाकीची कधी कधी अजून तिथेच असतात.

आवाजाने तर दोघांत गल्लत होतच नाही. रानकोंबडा पहाटे आरवतो, पण गावठी कोंबड्यासारखी लांब तान नसते. 'कुक्-काया-काया-कुक्' असं तुटक, शेवटी कापल्यासारखं. सकत्रीचं ओरडणं म्हणजे कोरड्या रहाटाची करकर: 'केर्-विक्, केर्-विक्', एकामागून एक, गिनी कोंबडीच्या जवळ जाणारं. कारवीच्या, बांबूच्या, घाणेरीच्या गच्च झाडीतून असं काही आलं तर पक्षी दिसला नाही तरी वहीत सकत्री लिहायला हरकत नाही. चकोत्री आणि कोकत्री ही तिचीच नावं, भागाभागाप्रमाणे बदलणारी, त्यामुळे तिघं तीन पक्षी सांगताहेत असं समजून वाद घालू नका.

प्रश्न (चंद्रपूर): आमच्याकडे खडकाळ टेकडीवर सकत्रीसारखाच, पण अंगावर पांढरे ठिपके असलेला पक्षी दिसला. हा तिचाच नर का?

उत्तर: नाही, ही वेगळी जात आहे. इंग्रजी नाव पेंटेड स्परफाउल. नराचं डोकं काळपट हिरव्या झाकेचं आणि त्यावर पांढरे ठिपके, वरचं अंग तांबूस आणि त्यावरही पांढरे ठिपके. पाय लाल नसून काळपट राखाडी, आणि डोळ्याभोवती लाल कातडं नाही. मादी गडद तपकिरी, कपाळ आणि चेहरा तांबूस. सकत्री दमट, गच्च झाडीत रमते. हिला कोरडं रान, काटेरी झुडपं आणि मोठमोठ्या शिळा लागतात. तुम्ही टेकडी खडकाळ होती हे लिहिलंत, म्हणून उत्तर देणं सोपं झालं. जागा अशीच नोंदवत जा.

प्रश्न (सावंतवाडी): आंबोलीच्या रस्त्यावर पायांजवळून काहीतरी हिरवं भर्रकन उडून गेलं. पोपट जमिनीवर बसतो का?

उत्तर: तो पाचू कवडा. जंगलातल्या वाटेवर पडलेलं बी टिपत शांतपणे चालत असतो, आपण अगदी जवळ गेलो की सरळ रेषेत, जमिनीलगत, विलक्षण वेगाने झाडांमधून निघून जातो. उडताना पाठीच्या खालच्या भागावर दोन फिकट पट्टे दिसतात. ते दिसले की दुसऱ्या कशाचा विचार करायला नको. बसलेला मिळाला तर लाल चोच, पाचूसारखे हिरवे पंख आणि गुलाबी-तपकिरी छाती. नराचं डोकं राखाडी, कपाळ पांढरं. त्याचा आवाज खूप जणांना पक्ष्याचा वाटतच नाही. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा खोल 'हूंऽऽ', पुन्हा पुन्हा. दुपारच्या शांततेत तो नेमका कुठून येतोय ते सांगता येत नाही.

प्रश्न (ठाणे): येऊरला पाचोळ्यात उड्या मारणारा नारिंगी पक्षी दिसला. चोचीने पानं उलटत होता. तुमच्या वर्णनाप्रमाणे चाल नवरंगाची, पण रंग जुळत नाही.

उत्तर: हा नारिंगी डोक्याचा कस्तुर. पानं उलटण्याची पद्धत दोघांची सारखी, म्हणून चालीला शेपटीची जोड द्यायची. कस्तुराची शेपटी व्यवस्थित, अंगाला शोभेल अशी लांब असते, नवरंगाची खुंटलेली. डोकं आणि पोट नारिंगी, पाठ निळसर राखाडी, खांद्यावर पांढरा पट्टा. आपल्या सह्याद्रीतल्या कस्तुराच्या गोऱ्या गालावर दोन उभे काळपट पट्टे असतात. हिवाळ्यात कधी गाल साफ नारिंगी असलेला, पट्टे नसलेला कस्तुर दिसला तर तो हिमालयाकडून आलेला पाहुणा, त्याची नोंद आवर्जून करा.

प्रश्न (सत्तरी, गोवा): मोबाइलवरचं मर्लिन अ‍ॅप नोव्हेंबरात आमच्या बागायतीत नवरंगाचा आवाज दाखवतं. यावर किती विश्वास ठेवावा?

उत्तर: अ‍ॅपने दिलेलं नाव म्हणजे 'इथे बघा' एवढीच सूचना. गोव्यात हिवाळ्यात नवरंग असतो, त्यामुळे नोंद अशक्य मुळीच नाही. पण तिथल्या झाडीत भृंगराज आहे, म्हणजे शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पानं असलेला कोतवाल, आणि तो इतर पक्ष्यांच्या नकला बेमालूम करतो. कस्तुरालाही ती सवय आहे. अस्सल आणि नकलेतला फरक असा: नवरंग तीच शीळ तशाच अंतराने कितीतरी वेळ म्हणत राहतो. नकल्या पक्षी दोनदा नवरंग झाला की तिसऱ्यांदा शिक्रा होतो, चौथ्यांदा आणखी कुणी. म्हणून किमान दोन मिनिटांचं सलग ध्वनिमुद्रण करा आणि ते स्वतः ऐका. फोन झाडीकडे धरून स्थिर ठेवा. चालताना कपड्यांची घसघस आणि पाटाच्या पाण्याचा खळखळाट अ‍ॅपला हमखास फसवतो.

प्रश्न (सातारा): जंगलासाठी दुर्बीण ८×४२ घ्यावी की १०×५०?

उत्तर: जमिनीवरच्या पक्ष्यांसाठी ८×४२. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते, ५.२५ मिलिमीटर. १०×५० मध्ये ती ५, म्हणजे उजेडात फारसा फरक नाही. पण दहापटीच्या दुर्बिणीत हाताचा कंप जास्त जाणवतो, दिसणारी चौकट अरुंद होते आणि वजनही जास्त. झुडपांच्या बुंध्यांत पळणारा पक्षी अरुंद चौकटीत सापडतच नाही. विकत घेताना आणखी एक बघा: दोन-अडीच मीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते का. दुकानातच बुटाच्या टोकाकडे रोखून तपासा.

प्रश्न (सिंगापूर): इथल्या बागेत ऑक्टोबरमध्ये अगदी आपल्या नवरंगासारखा पक्षी दिसला. तो भारतातून आला का?

उत्तर: नाही. तो त्याचा जवळचा नातलग, इंग्रजीत ब्लू-विंग्ड पिट्टा, आग्नेय आशियात उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना सिंगापुरात उतरणारा. भुवई बघा: नवरंगाच्या काळ्या पट्ट्यावर स्वच्छ पांढरी रेघ असते, याच्या पट्ट्यावर सरळ बदामी रंगच लागतो. पंखावर निळा रंगही पुष्कळ जास्त. कांदळवनात दिसला असेल आणि चोच फारच जाड वाटली असेल, तर मॅन्ग्रोव्ह पिट्टाही तपासा, तो तिथला रहिवासी आहे.

प्रश्न (कर्जत): आमच्या शेताच्या कडेला नवरंगाचं घरटं सापडलंय. फोटो काढणाऱ्या मित्रांना बोलवायचं आहे. पक्षी समोर यावा म्हणून मोबाइलवर शीळ वाजवली तर चालेल का?

उत्तर: कृपा करून बोलावू नका, आणि शीळ तर मुळीच वाजवू नका. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय असं समजून पक्षी घरटं सोडून आवाजाच्या मागे धावतो. पावसाळ्यात अंडी किंवा उघडी पिल्लं काही मिनिटंही गार पडली तर त्यांना धोका असतो.

नवरंगाचं घरटं म्हणजे काटक्या, मुळं आणि वाळक्या पानांचा फुटबॉलसारखा गोळा, एका बाजूला दार. कधी जमिनीवर, कधी खालच्या फांदीच्या बेचक्यात. लांबून ते पुरात वाहून आलेल्या कचऱ्यासारखं दिसतं, आणि तेच त्याचं संरक्षण. आत चार-पाच चकचकीत पांढरी, जांभळट ठिपक्यांची अंडी असतात. फोटोत 'मध्ये येणारी' एखादी डहाळी तोडली किंवा गवत पायाने दाबलं की तो कचरा अचानक घरटं दिसायला लागतो. कावळ्याला, भारद्वाजाला, धामणीला तेवढं पुरतं. माणसांच्या पायांनी मळलेली नवी वाट तर मुंगसाला थेट दारापर्यंत आणते.

घरटं तुमच्या बांधाला आहे, तर पिल्लं उडेपर्यंत त्या बाजूची बेणणी आणि गवतकापणी थांबवा. गुरं तिकडे सोडू नका. बघायचंच असेल तर वीस-पंचवीस मीटर लांबून, झाडाआडून, दुर्बिणीने, पाच मिनिटांत. दोन्ही पक्षी पिल्लांना भरवतात. चोचीत गांडूळ घेऊन एखादा फांदीवरच थांबून राहिला आणि घरट्याकडे जात नसेल, तर तुम्ही फार जवळ आहात, मागे सरका. नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची असेल तर गावाचं नाव पुरे, घरट्याची जागा, फोटोतलं स्थान आणि शेताचं नाव ऑक्टोबरपर्यंत कुणालाही सांगू नका.